सर्व्हिसिंगनंतर पहाटे गाडी उठत नाही तेव्हा

भोर-वेल्ह्याकडच्या वाड्यांमध्ये पहाटे साडेचार-पाचला दुधाच्या आणि तरकारीच्या गाड्या निघतात. डिसेंबर-जानेवारीत धरणांच्या पाण्यावरून धुकं चढतं, पारा दहाच्या आसपास असतो, आणि अशा वेळी एखाद्या अंगणात पिकअप सेल्फ मारून मारून दमलेली ऐकू येते. इंजिन फिरतं, एखादा ठोका देतं, धडधडतं, सगळं अंग झटकतं, मागून पांढऱ्या धुराचा लोट सोडतं आणि बंद पडतं. चौथ्या-पाचव्या सेल्फला कशीबशी सुरू होते, अर्धा-एक मिनिट मिसिंग करते आणि गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "परवाच ऑइल बदललं. त्यांनी ऑइलच हलकं टाकलंय."

या भागातल्या रस्त्यांवर डिझेल गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, अशा तक्रारीत ऑइल स्वतः दोषी असल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. ऑइल बदलताना गाडीच्या आणखी कशाकशाला हात लागला, ते आधी शोधलं पाहिजे. सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं ऑइल नसतं. डिझेल फिल्टर बदलतो, एअर फिल्टर झटकून परत बसतो, बॅटरीची टर्मिनलं सैल करून घासली जातात, वाट अडवणारा एखादा होज किंवा कपलर काढून पुन्हा लावला जातो. यातली एक वस्तू नीट बसली नाही, तर दुपारी गरम इंजिन ते सांभाळून घेतं. पहाटेचं गार इंजिन नाही सांभाळत.

असं का होतं, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या हवेत तुषार होऊन आलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात : इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, दाबलेली हवा पुरेशी तापली पाहिजे आणि डिझेल पूर्ण दाबाने, वेळेवर आलं पाहिजे. गार सिलिंडर त्या हवेची उष्णता शोषून घेतो. इंजिन सावकाश फिरलं तर हवा रिंगांच्या फटींतून निसटते. डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा असला तरी नोझलला दाब मिळत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. त्याचा वास घ्या, डोळ्यांना झोंबतो. डिझेल पोचतंय, पण नीट पेटत नाही, असं तो सांगतो. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

या तिन्हींपैकी ऑइलचा थेट संबंध फक्त पहिल्या गोष्टीशी, म्हणजे फिरण्याच्या वेगाशी. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो आणि तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यू ऑइलची कसोटी उणे २० अंशांना घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. आपल्याकडे पहाट कितीही झोंबरी असली तरी शून्याच्या बरीच वर असते. त्यामुळे पंधराच्या जागी वीस पडलं म्हणून गाडी सुरूच होऊ नये, असं इथल्या हवेत होत नाही. हां, कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या नव्या इंजिनात कोणी २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर सेल्फ जड जाईल, टॅपेट उशिरापर्यंत वाजतील आणि ते ऑइल बदलूनच घ्यावं लागेल. गाडीचं पुस्तक काढा, त्यातला ग्रेड बघा, बिलावरचा ग्रेड बघा. दोन मिनिटांत हा प्रश्न निकाली निघतो.

मोबाइलवर शोधलं की ऑइल बदलल्यावर थंड सुरुवात बिघडल्याचे अमेरिकन ट्रकवाल्यांचे किस्से सापडतात. ते खोटे नाहीत. फोर्डच्या ७.३ लिटर पॉवरस्ट्रोकसारख्या इंजिनांत इंजेक्टर चालतात तेच मुळी इंजिन ऑइलच्या दाबावर, त्यामुळे तिथे ऑइलचा ग्रेड आणि त्यातली हवा थेट सुरुवातीवर परिणाम करते. आपल्याकडच्या पिकअप, छोटा हत्ती, ४०७ यांची रचना तशी नाही. तिथला इलाज इथे लावायला जाऊ नका.

आता पहाटेची तपासणी. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. एकदा सुरू केलीत की खूण पुसली गेली, मग पुढच्या पहाटेपर्यंत थांबा. हेडलाइट लावा, एकाला समोर उभं करा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम विझण्याइतका मंद झाला आणि इंजिन कण्हत फिरलं, तर दोष बॅटरीकडे किंवा चुकीच्या जाड ऑइलकडे आहे. लाइट फारसा उतरला नाही, तरी इंजिन जडच फिरतंय, तर टर्मिनल, अर्थिंगची पट्टी किंवा स्टार्टर यांपैकी काहीतरी. आणि इंजिन झपाट्याने फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी आणि ऑइल दोघंही सुटले. मग आधी डिझेल आणि हीटर या दोन दिशा बघायच्या. सर्व्हिसिंगनंतरच्या तक्रारींमध्ये मला ही तिसरी तऱ्हाच सर्वांत जास्त भेटली आहे.

माझ्या मावसभावाची पिकअप विंझरच्या बाजूला असते. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने मला पहाटे बोलावलं. "दादा, ऑइल सोडून दुसऱ्या कशाला हातच लावला नाही त्यांनी," असं तो शपथेवर सांगत होता. बॉनेट उघडून टॉर्च टाकला तर बाकी सगळं मळकट आणि डिझेल फिल्टर मात्र चकचकीत नवा. बिलावर तो ओळीत लिहिलेला होता, याने वाचला नव्हता. फिल्टरच्या माथ्याभोवती बोटभर रुंदीची धूळ ओलसर होऊन चिकटली होती. थेंब एकही नव्हता. फिल्टर सोडवला तेव्हा कळलं, जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच्या खाचेतच चिकटून राहिली होती आणि नव्याची रिंग तिच्यावर बसून एका बाजूला दुमडली होती. दुमडीची जागा भाताच्या दाण्याएवढी. जुनी रिंग नखाने सोलून काढली, खाच पुसली, नव्या रिंगला डिझेलचं बोट फिरवलं, फिल्टर हाताने घट्ट केला, हवा काढली. दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फला सुरू झाली. आणि तोवर त्याने चुकीचं समजून सगळं नवं ऑइल काढून टाकायचं ठरवलं होतं!

या बिघाडाची एक फसवी बाजू आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. इंजिन चालू असताना ओढ एवढी असते की थोडे बुडबुडे खपून जातात. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल सावकाश टाकीकडे परत उतरतं. पहाटे फिल्टर ते पंप हा भाग अर्धा रिकामा. म्हणून "गळती कुठेच दिसत नाही, मग हवा कशी घेईल" हा युक्तिवाद करू नका.

हे ओळखायला आपल्या भागात एक चांगली सोय आहे : उतार. वेल्ह्याच्या वाड्यांमध्ये सपाट अंगण शोधावं लागतं, उतार शोधावा लागत नाही. एका रात्री गाडी तोंड वर करून उभी करा, दुसऱ्या रात्री तोंड खाली करून. दोन्ही वेळा हँडब्रेक, गियर आणि चाकांना मोठे दगड. पिकअपची टाकी मागे असते. तोंड वर असताना टाकी खाली जाते आणि डिझेल परत उतरायला वाट मिळते. तोंड खाली असताना टाकी वर राहते, इंजिनाकडची लाइन भरलेली राहते. वर तोंडाच्या पहाटे त्रास आणि खाली तोंडाच्या पहाटे गाडी एका सेल्फला, असं झालं तर लाइन हवा घेतेय हे जवळजवळ नक्की. दोन्ही पहाटे सारखाच त्रास असेल तर हीटरकडे वळा.

दुसरी खूण हॅन्डपंपाची. फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण किंवा लाइनमध्ये रबरी फुगा असतो. पहाटे सेल्फ मारायच्या आधी तो दाबून बघा. दोन-चार दाबांत कडक झाला तर लाइन भरलेली आहे. वीस-पंचवीस दाब देईपर्यंत पोकळ लागला, मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी लगेच पकडली, तर तुमचं निदान झालंच. मेकॅनिक फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडून बुडबुडे डोळ्यांनी दाखवू शकतो, तसा आग्रह धरा. मग रिंग, फिल्टरखालचा पाणी सोडायचा नट, होजच्या क्लिपा आणि बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर या क्रमाने बघायचं. तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. काही रुपयांचा असतो, नवाच टाका.

हवा काढायची रीत सांगतो. फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा, खाली फडकं धरा आणि पंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग अखंड स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी ऑन करून दहा-पंधरा सेकंद थांबायचं, बंद करायची, असं तीन-चारदा केलं की लाइन भरते. मात्र नव्या कॉमन रेल गाडीत पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना पाना लावू नका. जुन्या गाड्यांत नोझलचा नट सैल करून हवा काढायची सवय अनेकांना आहे. कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, त्या दाबाची डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवायची वेळ येते. शिवाय या गाड्यांच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. हवेवर सेल्फ मारत राहिलात तर पंप आतून घासतो आणि खर्च फिल्टरच्या किमतीचा न राहता पंपाच्या किमतीचा होतो. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही आणि मध्ये एक मिनिट विश्रांती.

हीटरकडे येऊ. डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा असेल तर गाडीला ग्लो प्लग आहेत, आपण हीटर प्लग म्हणतो ते. जुन्या डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांना ते नसतात. दिवा विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारायचा, ही साधी गोष्ट घाईत राहून जाते. चारांपैकी एक प्लग जळलेला असेल तर गाडी तीन सिलिंडरवर उठते, अर्धा मिनिट झटके देते, पांढरा धूर सोडते आणि मग सुरळीत होते. मल्टिमीटरने प्रत्येक प्लग तपासता येतो : वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मोजा. एक-दोन ओहम दाखवलं तर बरा आहे, काहीच दाखवलं नाही तर जळला. चारही सहसा एकदम जळत नाहीत. चारही प्लगना करंट नसेल तर रिले, फ्यूज किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी सुटलेला कपलर बघा.

बॅटरी रात्रभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी संपली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बदलायची वेळ आली किंवा टर्मिनल धरत नाहीत. टर्मिनल हाताने फिरतं का बघा, बस्स.

ऑइलची पातळी मात्र स्वतः बघितल्याशिवाय सोडू नका. गाडी सपाट जागी, बंद करून दहा मिनिटं, मग पट्टी पुसून पुन्हा घालून वाचा. उतारावर वाचलेली पट्टी खोटं बोलते आणि उतारावरच्या गॅरेजात भरलेलं ऑइलही बऱ्याचदा जास्त निघतं. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेलं तर क्रँक त्यात बुडून फेस करतो, इंजिन जड फिरतं, ऑइल ब्रीदरमधून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं आणि निळा धूर येतो. फारच जास्त झालं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गियर टाकून, क्लच सोडून बंद पाडायचं. जादा ऑइल ड्रेन नटातून किंवा पट्टीच्या नळीतून ओढून काढा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर तापवून साफ करायला गाडी जादा डिझेल सोडते. रोज वाडी ते संकलन केंद्र एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील तर ती सफाई अर्धवट राहते आणि काही इंजिनांत ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर बहुधा हेच कारण. अशा गाडीला आठवड्यातून एकदा नसरापूरहून हायवेला लावून अर्धा तास एका लयीत चालवा, आणि तिला पुस्तकात सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाका.

सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखड आवाज येऊन शांत होत असेल तर ऑइल फिल्टरवर संशय घ्या. चांगल्या फिल्टरच्या आत रबरी पडदा असतो, तो रात्री ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरचा पडदा धरत नाही. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा.

डिझेल थंडीने गोठलं असेल का, असं विचारतात. भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलला ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्याच्या डिझेलला १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाण्याची मर्यादा आहे. पंपावर थंडीत भरलेल्या डिझेलचा इथे प्रश्न येत नाही. पण पंप लांब म्हणून उन्हाळ्यापासून कॅनमध्ये साठवलेलं डिझेल ऐन पौषात ओतलं तर त्यातलं मेण फिल्टर तुंबवू शकतं. त्याहून जास्त त्रास पाण्याचा. वेल्ह्याचा पाऊस झाल्यावर अर्ध्या टाकीत ओल साचते. पावसाळा संपला की फिल्टरखालचा नट सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. तळाला पाण्याचा थर लगेच दिसतो.

आता कळकळीने सांगतो. गार गाडी उठत नाही म्हणून उतारावरून सोडून गियरमध्ये टाकायची सवय सोडा. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, पॉवर स्टेअरिंग दगडासारखं होतं. पाबे घाटाच्या किंवा वरंध घाटाच्या वळणांवर असं करणं म्हणजे जीव पणाला लावणं आहे. उताराचा उपयोग रात्री दोष ओळखण्यापुरता करा, पहाटे गाडी सुरू करण्यासाठी नको. ऑइल चेंबरखाली पोती पेटवून शेक देऊ नका, वर डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग असतं. हवेच्या वाटेत स्टार्ट स्प्रे किंवा पेट्रोलचं फडकं धरू नका. तापलेल्या हीटर प्लगवर ती वाफ वेळेआधी भडकते, पिस्टन आणि रिंगा फुटतात, फडकं धरणाऱ्याचा चेहरा भाजतो. एअर फिल्टर उघडलाच असेल तर आत फडकं राहिलेलं नाही ना, एवढंच बघा. असं फडकं मी एकदा माझ्या हातांनी काढलं आहे.

एवढं सगळं पाहूनही पहाटेचा त्रास राहिला तर कॉम्प्रेशन आणि इंजेक्टरची परतीची धार तपासावी लागेल, ते पंप-नोझलच्या वर्कशॉपचं काम. तिथे जाताना धुराचा रंग, फिरण्याचा वेग आणि उताराच्या दोन पहाटे कशा गेल्या, हे सांगा. त्यांचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे पैसे.

पुढच्या सर्व्हिसिंगला काढलेले फिल्टर परत मागून घ्या, म्हणजे काय काय बदललं ते हातात दिसेल. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा मेक लिहून ठेवा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजलाच द्या, ओढ्यात सोडू नका. ते गुंजवणीतून नीरेला जातं. आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सर्व्हिसिंग करू नका. ज्या दिवसानंतरची पहाट मोकळी आहे असा दिवस निवडा, दुधाच्या त्या एका पाळीला शेजारच्या गाडीला सांगून ठेवा, आणि गाडीची पहिली गार सुरुवात घाई नसताना स्वतः उभं राहून बघा.